सुलूचा धवला

आमच्या माहीम गावात लग्नाच्या हळदीत पहिलं गाणं, म्हणजे धवला, म्हणायचा मान माझ्या आईचा, रंभाबाईचा. ती गेल्यावर तो मोठ्या वहिनीकडे, चंद्रकांताकडे गेला. तेव्हापासून धाकटी भावजय सुलू जळते. वाडीत फुलं खुडताना, देवापुढे वात लावताना तिच्या मनात एकच, मोठीला बोलावतात, मला का नाय? देवीनं एकीला गळा दिला आणि दुसरीला नुसती हौस. का, ते देवीलाच ठाऊक.

यंदा माझ्या लेकीचं, स्वराचं लग्न ठरलं, तशी सुलू दारात हजर. "ताई, धवला या वेळी मी म्हणणार."

"म्हण. पण पुरा यायला हवा. अर्ध्यात सोडायचा नसतो."

अडलं होतं तिथंच. आईच्या धवल्याची सीडी सुलूनं साड्यांखाली जपून ठेवलेली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर लावून ती शिकली. पण शेवटच्या कडव्याच्या आधी लॅपटॉप घरघरायचा आणि बंद.

"मोठीला विचार की."

"तिला? त्यापेक्षा मुकी राहीन."

मग आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बोईसरला मितेशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्यानं सीडी उजेडात धरली. "सीडी चांगली आहे, मावशी. लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह गेलाय. गाणं पेनड्राइव्हवर घेऊ, मोबाइलवर ऐका."

"नको बाबा. मोबाइलवर गेलं की गावभर होतं. मी सीडीवरून शिकले हे मोठीला कळलं तर हसेल. तू ड्राइव्हच बदल."

मितेशनं खालचा स्क्रू काढून जुना ड्राइव्ह बाहेर ओढला. नवा घालायला गेला तर तो जाड, आत जाईना.

"बघून घ्यायचा ना!" सुलू करवादली.

"मावशी, सून बघायला आल्यासारखं करताय," म्हणत त्यानं बंद पडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपमधला बारीक काढला. तो बसला.

आईचा आवाज दुकानात भरला. माझे हात आपोआप जोडले गेले. शेवटच्या कडव्याशी आई खोकली. "चंद्रे, माझा दम गेला. पुढचं तू म्हण गं."

आणि पुढचं सगळं चंद्रकांताच्या आवाजात.

सुलू काळीठिक्कर पडली. "मितेश, हा आवाज काढून सासूबाईंचा घालता येईल?"

"नसलेला कुठून आणू, मावशी?"

आम्ही परतलो. पुढे दुपारी कधीही जा, तिच्या बंद दारामागून तेच कडवं ऐकू यायचं.

हळदीला सुलूनं धवला पुरा म्हटला. कुठं अडखळली नाही. चंद्रकांता समोर बसून ऐकत होती. नवापूरच्या मावशीनं सुलूच्या पाठीवर थाप मारली. "काय म्हटलंस गं! शेवटाला डोळे मिटले तर वाटलं, चंद्रकांताच म्हणते हाय!"

सुलूनं हळदीची वाटी खाली आपटली. "मग तिलाच बोलवा," म्हणाली आणि आत निघाली.

चंद्रकांता पदराआड हसली. जाता जाता सुलूनं तेही पाहिलं.