केसाखालची घाणी

अमरावतीच्या आमच्या घरात वकिली वडिलांची चालायची आणि हुकूम आत्याचा. सगळ्यांत कमी बोलणारे आम्ही दोघं, मी आणि कुत्रा. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं. तोंड उघडलं की आत्या ‘मडम’ म्हणून हसायची. म्हणून मी कुत्र्याशी बोलायचे. त्याला कुठलीही भाषा चालायची.

ओसरीवर बसणारानं रोज न्हायलंच पाहिजे, हा आत्याचा नियम कुत्र्यालाही होता. त्याच्यासाठी कार्बोलिकचा साबण. हळूहळू त्याच्या पोटावर पुळ्या उठल्या, केस गळाले. मग आंघोळ दोनदा होऊ लागली.

“तरी घाण मारूनच राह्यला! उद्या चांदूर रेल्वेचे मामा आले, की देऊन टाका त्याले,” आत्यानं हुकूम सोडला.

त्याच दिवशी गायीला पाहायला गुरांचे डॉक्टर आले. ते मद्रासकडचे, मराठी जेमतेम. मी काही न बोलता कुत्र्याला त्यांच्या पायाशी नेऊन बसवलं. त्याला हुंगून ते मला इंग्रजीत म्हणाले, साबण बंद करा. केसांच्या मुळाशी ग्लँड असतात, त्यांतलं तेल कातडीवर पसरतं आणि रोगजंतूंना टिकू देत नाही. तुम्ही ते रोज धुऊन काढता.

“काय म्हंते व तो?” दारामागून आत्या.

ग्लँडला मराठीत काय म्हणतात, मला कुठं ठाऊक!

“आत्या, त्याच्या अंगात... घाणी आहे.”

“तेच तं मी सांगून राह्यले, घाण हाय!”

“घाण नाही, घाणी! तेलाची. केसाकेसाखाली, बारीक. ते तेल जंतूंना टिकू देत नाही. साबणानं ते जातं, म्हणून पुळ्या.”

इतकं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. दिवाळीला तेल चोळल्याशिवाय आम्हांला न्हाणीत पाऊल न टाकू देणारी आत्या दारामागून पुढं आली.

“म्हंजे हा बिचारा रोज तेल लावून राह्यला, अन् मी धुऊन? मंग आधी काहून नाही बोलली व, मडम?”

दुसऱ्या दिवशी मामा साखळी घेऊन आले. पुळ्या होत्या, वासही होता. मामांनी उपरणं नाकाला लावलं.

“काय घाण हाय हो!”

“घाण नाही भाऊ, घाणी,” आत्या म्हणाली. “बंद पडली होती, आता चालू होऊन राह्यली. चहा घ्या.”

साखळी रिकामीच परत गेली.