आजच्यापुरतं पाणी

आमच्या शेजारच्या गृहस्थांना थंडोबा हे नाव गल्लीनंच ठेवलं. हयात गेली डेअरीत, दूध गार करणाऱ्या चिलरवर, आणि माणूसही तसाच: घराला आग लागली तरी आधी चपला शोधतील. अशा थंडोबांना गेल्या आठवड्यापासून बसल्या जागी घाम फुटत होता.

चिलरच्या नळ्यांतून नुसतं पाणी फिरवून चालत नाही. त्यात ग्लायकॉल मिसळावं लागतं, म्हणजे शून्याखालीही ते गोठत नाही. या मिश्रणाच्या टाकीतली पातळी उतरली की थंडोबांनी स्टोअरमधून ग्लायकॉल आणून घालायचं. पण स्टोअर आवाराच्या पार टोकाला, आणि नळाचा पाइप हाताशी. 'आजच्यापुरतं' म्हणत त्यांनी साधं पाणी सोडलं. आजच्यापुरतं म्हणता म्हणता ते रोजचंच झालं. शेवटी चिलरच्या पोटात बर्फ धरला, नळी फाटली आणि टाकीभर दूध नासलं.

खापर फुटलं वेल्डरच्या डोक्यावर. त्यानं नुकताच तिथं जोड मारला होता. साहेबांनी त्याला घरी बसवलं. हा वेल्डर म्हणजे थंडोबांचा सख्खा मेहुणा. रिकामा माणूस, बहिणीकडे येऊन तिच्या कुकरची मूठ बसवत होता.

"एवढासा जोड नीट मारता येईना तुला?" बहीण म्हणाली. "यांच्याकडे बघ. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही."

ड्यूटीवर निघण्याआधी चहा घेत बसलेल्या थंडोबांनी कप खाली ठेवला.

"भाऊजी कामाला हातच लावत नाहीत," मेहुणा म्हणाला. "तक्रार येणार कुठून?"

ती हसत आत गेली. थंडोबांनी हळूच विचारलं, "जोड कुठं सुटला रे?"

"जोड शाबूत आहे. नळी मधोमध फुगून फाटलीय, बर्फानं फाटते तशी." त्यानं स्क्रू आवळला. "किती पाणी घातलंत?"

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीस?"

"मला चार ठिकाणी काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण घेणार? ताईनं काय करायचं?"

शिव्या घातल्या असत्या तर थंडोबांनी मुकाट गिळल्या असत्या. ही माया काही घशाखाली उतरेना. ते तडक उठले, दारात दिसल्या त्या चपलांत पाय सरकवले आणि डेअरी गाठली.

मिश्रण तपासायच्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर त्यांनी चिलरच्या टाकीतला थेंब टाकला आणि ती साहेबांच्या हातात दिली.

"उजेडाकडे धरा, साहेब. ग्लायकॉल नावालाच आहे. पाणी मी घातलं. जोड चांगला होता."

साहेबांनी नळीला डोळा लावला. थंडोबांची नजर खाली, पायांतल्या चपलांवर गेली.

"वेल्डरला बोलावून घ्या," ते म्हणाले. "या चपलाही त्याच्याच आहेत. मला मोठ्या होतात."