माझ्या अक्षरातलं गोरखचं अपील

गोरख ड्रायव्हरचा मला वीस वर्षं हेवा वाटत आलाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला साधुसंत समजायला नको.

आमच्या डेपोत मी कंट्रोलर. गाड्या फलाटाला लावायच्या, वेळा लिहायच्या, माईकवर पुकारा करायचा. जुन्नर-आंबेगावातली निम्मी माणसं रोज माझा आवाज ऐकतात, पण सयाजी कोण असं विचारलंत तर स्टँडवरच्या चहावाल्याखेरीज कोणी सांगणार नाही. गोरखचं तसं नव्हतं. तो डोंगरातल्या आहुप्याची मुक्कामी गाडी चालवायचा. संध्याकाळी गाडी घेऊन वर जायचं, तिथंच झोपायचं, पहाटे खाली यायचं. जाताना कोणाचं औषध न्यायचा, कोणाचा दुरुस्त झालेला मोबाईल न्यायचा, थांबा नसताना बाळंतिणीला दाराशी उतरवायचा. यातलं काही नियमात बसत नाही. त्याबद्दल त्याला दोन मेमो मिळाले होते, दोन्ही माझ्याच रिपोर्टवरून. तरी खाली येताना त्याच्या सीटमागे मधाची बाटली नाहीतर करवंदांची पाटी असायचीच. वरच्या बाया त्याला ‘आमचा डायवर’ म्हणायच्या. माझी बायको मंगल, तिचं माहेर त्याच वाटेवर. तीसुद्धा निघताना विचारायची, गोरखभावजींची गाडी कितीला आहे? डेपोतली प्रत्येक गाडी माझ्या हाताखालून सुटते, हे तिच्या गावीही नसायचं. मी वेळ सांगायचो आणि आतल्या आत जळायचो.

मागच्या श्रावणात एका पहाटे आहुप्याजवळ देवराईतलं एक झाड रस्त्यावर आडवं झालं आणि गोरखची गाडी अडकली. गाडीत चार जणांकडे कोयते होते, कुऱ्हाडीही मिळाल्या असत्या. तासाभरात रस्ता मोकळा झाला असता. पण देवराईतली वाळकी काटकीसुद्धा तिथं कोणी चुलीत घालत नाही. झाड हलवायचं तर आधी देवाला कौल लावायला हवा, आणि कौल लावणारा जानकू भगत पलीकडच्या वाडीला गेलेला. कंडक्टर नवा होता, तो गाडीतच बसून राहिला. गोरख एकटाच खडकावर चढला, रेंज मिळवली आणि माझ्या केबिनच्या फोनवर मला विचारलं, काय करू?

मी ओझरचा. विघ्नहराला हात जोडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. मी सांगितलं, ‘देवाच्या झाडाला हात लावू नको. कौल मिळेपर्यंत थांब.’

असा फोन आला की वहीत लिहायचा असतो. पाच गाड्या सुटायच्या होत्या, म्हटलं मागाहून लिहू.

जानकू दुपारी आला. देवाला तांदळाचे दाणे लावले, उजवा दाणा पडून होकार मिळाला, मग झाड हलवलं. गाडी डेपोत यायला तीन वाजले. तोवर खालच्या गावांतली कॉलेजची पोरं आणि कामावर जाणारी माणसं मॅनेजरसाहेबांच्या टेबलाशी भांडून गेली होती. साहेबांनी मला विचारलं, याला थांबायला कोणी सांगितलं?

मला काही कळवलं नाही, असं मी म्हणालो.

भ्यालो होतो, हे खरं. पण नुसत्या भीतीनं मी तसं बोललो नाही. वाटलं, एकदा याचंही तोंड उतरू दे. आणखी एक मेमो, चार दिवस मान खाली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण आरोपपत्र निघालं. गाडी विनापरवाना नऊ तास उभी ठेवली, वरिष्ठांना कळवलं नाही, आणि वर जुने दोन मेमो जोडलेले. चौकशीत मी वाटच बघत होतो, की हा आता फोनचं बोलेल. तो फक्त ‘चुकलं’ म्हणाला. महिन्याभरात बडतर्फ झाला.

आता गंमत बघा. डेपोतलं कोणाचंही अपील मीच लिहून देतो, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला कलमं पाठ. गोरखही कागद घेऊन माझ्याच घरी आला. मंगलनं त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला, मला रोजच्याच. ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, फोनचं लिहायचं का?

‘नको, सयाजीभाऊ,’ तो म्हणाला. ‘तुमची दोनच वर्सं ऱ्हायलीत. पेन्शनीला धक्का नको. माझं काय, मी कुटंबी स्टेरिंग धरीन.’

इथं माणसाला लाज वाटायला हवी. मला राग आला. याची नोकरी गेलेली, पोरगी श्रेया नर्सिंगला, आणि हा माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत मला माफ करत होता. माणसं याची, माझ्या बायकोचं कौतुक याला, आता चांगुलपणाही सगळा हाच घेऊन जाणार? म्हटलं, एवढं काही मी तुला मिळू द्यायचो नाही.

मी लिहायला बसलो. चौथ्या परिच्छेदात लिहिलं, की सदर दिवशी पहाटे मी कंट्रोलर श्री. सयाजी यांना फोनवरून कळवले व त्यांच्याच सांगण्यावरून थांबलो. त्यांनी नोंद केली नाही. सोबत मी स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब जोडला. गोरखनं न वाचताच सही केली. एवढा विश्वास माझ्यावर. त्याचाही राग आला.

सुनावणी पुण्याला झाली. मोठ्या साहेबांनी चौथा परिच्छेद मोठ्यानं वाचला, तसा गोरख माझ्याकडे बघतच राहिला. मी उभा राहून म्हणालो, हे खरं आहे, मीच खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीतली सगळी माणसं गोरखला सोडून माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, बरं वाटलं.

साहेब भडकले. मग यालाच घरी बसवतो, म्हणाले. तेवढ्यात गोरख उठला. ‘साहेब, भाऊंनी आपल्या हातानं लिवलंय. दुसऱ्यानं लिवलं नसतं. त्यांना सांबाळून घ्या, न्हाईतर मला कामावर घेऊ नका.’

त्याला कामावर घेतलं. माझी नोकरीही राहिली, वेतनवाढ तेवढी थांबली.

गोरखची पहिली गाडी सुटायची त्या संध्याकाळी जानकू भगत स्टँडवर आला होता. माझ्या केबिनच्या खिडकीशी येऊन त्यानं मला नीट न्याहाळलं.

‘गोरखभाऊनं वाचीवलं ते तुमीच व्हय? लई मोठ्या मनाचा मानूस, राव.’

मी हो म्हणालो आणि माईक ओढून आहुपे गाडीचा पुकारा केला. मोठ्या मनाचा आहेच तो. म्हणून तर मला तो अजूनही सहन होत नाही.