घारी आणि जिन्यातली माणसं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘वरखाली’ म्हणत. वय शेहेचाळीस, बोटांना कायम ग्रीसचा वास आणि सात वर्षांपासून खिशात एक छोटा कॅमेरा. कामाच्या अधेमधे फोटो काढायचे, घरी बायकोला दाखवायचे, एवढाच नाद. पण यंदा डोक्यात भुंगा शिरला होता: आता मोठा कॅमेरा घ्यायचा.

कुठला, ते मात्र ठरेना. दोन महिने तो दुकानात खेटे घालत होता. जेवताना एक पक्का व्हायचा, आंघोळ होईपर्यंत दुसरा. लिफ्टचे दोर तपासताना लक्ष उडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागायचे.

“इतकी स्थळं तर तुम्ही माझ्याआधीही पाहिली नसतील,” बायको म्हणाली.

शेवटी तो लांबचं टिपणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घ्यायलाच गेला. गच्चीवरून घारी दिसत, त्यासाठी. दुकानातल्या बाईंनी खोकं काढता काढता विचारलं, “फोटो कशाचे काढता?”

“घारींचे.”

“दाखवा की एखादा.”

तो छोट्या कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिला. घार सापडली ती एकच, तिळाएवढी. बाकी जिन्यात बसून पाय चोळणारी नर्स, बंद लिफ्टसमोर पिशव्या घेऊन ताटकळलेले आजोबा, बॅटरीच्या उजेडात घाम पुसणारा कामावरचा जोडीदार. बहुतेक अंधुक, हललेले. त्याचे कान तापले.

“माणसं छान टिपलीत, उजेड कमी पडलाय,” बाई म्हणाल्या. “लांबची लेन्स काय कामाची? ही घ्या, अंधारातही चालते. झूम नाही हिला. जवळ तुम्हालाच जावं लागेल.”

तो काहीच न घेता बाहेर पडला. फुटपाथवर दोन चकरा मारल्या, आत गेला, घारी आठवून परत बाहेर आला. तिसऱ्यांदा आत शिरला तेव्हा बाईंनी मुकाट्यानं ती बिनझूमची लेन्स लावलेला कॅमेरा पुढे सरकवला.

घरी बायको खिडकीशी शेंगा मोडत बसली होती. दिवेलागण व्हायची होती, दिवा लावलेला नव्हता. त्यानं अगदी जवळ जाऊन फोटो काढला. सगळं लख्ख आलं: कानामागचे पांढरे केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, बोटावरची पट्टी.

ती बघतच राहिली. “मी रोज अशी दिसते?”

“पुसून टाकतो.”

“नको. पण बोट कधी कापलं, ते तरी विचाराल?”

“कधी?”

“परवा.”

कॅमेरा टेबलावर ठेवून त्यानं उरलेल्या शेंगा ओढून घेतल्या आणि मोडायला लागला. नजर मात्र सारखी टेबलाकडे जात होती.

“काढा एकदाचा अजून एक फोटो,” ती म्हणाली. “पण हात धुऊन या आधी.”