करड्या ठिपक्याचा मिस्त्री

साडेचारला बिभीषणचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागत नसे. चूळ भरायची, रात्रीची भाकर चहात कुस्करून खायची आणि पाच वाजून दहा मिनिटांनी सायकलवर टांग मारायची. उमापूरपासून चकलांब्याच्या रस्त्यावरची जिनिंग साडेसात किलोमीटर. जाताना चढ, येताना समोरून वारा. चाळीस मिनिटं लागत. एकतीस हंगामांत सहाचा भोंगा त्याच्या आधी वाजला असं दोनदाच झालं, आणि ते दोन दिवस कोणते हे तो तारखेसकट सांगायचा.

जिनिंगमध्ये चोवीस मशिनी. बारा-बाराच्या दोन रांगा, मधून गाडी जाईल एवढी वाट. वरून कापूस पडतो, रुई पुढे सरकते, सरकी खाली गळते. आवाज एवढा, की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. त्या आवाजात बिभीषणचं काम ऐकण्याचं होतं. हातभर लांब पेचकस तो मशीनच्या बेरिंगवर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. बेरिंग निरोगी असेल तर एकसारखी घरघर येते. बिघडायला लागलं की त्या घरघरीत वाळू चावल्यासारखं होतं. मग तो पंजा ठेवायचा. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर ग्रीस भरायचं, नाही टिकला तर मशीन थांबवायचं. जिनिंगमध्ये तापलेलं बेरिंग म्हणजे आग, आणि रुईला लागलेली आग पाण्याला भीत नाही.

एका मशीनला सहा मिनिटं. चोवीस मशिनींची एक फेरी दोन तास चोवीस मिनिटांची. पाळीत चार फेऱ्या. तो घाई करत नसे आणि रेंगाळतही नसे. जवानीत त्याने तीन हंगाम कोयता चालवला होता. उसाच्या फडात माणूस कसा मोडतो हे पाहूनच तो जिनिंगला बिगारी म्हणून चिकटला, आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मागे सहा वर्षं उभा राहून ऐकायला शिकला. आता वय अठ्ठावन्न. जिनिंग सुटली तर परत कोयताच होता, आणि तो आता त्याच्याने उचलला जाणार नव्हता.

मागच्या साली मालकांनी सगळ्यांना एकेक फोन दिला. त्यात एक अॅप. सकाळी प्रत्येकाच्या फोनवर कामाची चिठ्ठी येई: अमुक मशीनला ग्रीस, तमुक पट्टा ताणणे. काम झालं की ‘झालं’वर बोट लावायचं. बिभीषणचं बोट ग्रीसने माखलेलं असल्याने फोनला ते कळत नसे. तो करंगळी पुसून लावायचा. एवढं चाललं.

यंदा दिवाळीनंतर त्या अॅपची नवी आवृत्ती आली. मॅनेजर रामप्रसादने सगळ्यांना अंगणात गोळा केलं.

“आता कुणी मला येऊन सांगायचं नाही की मी लई काम केलं,” तो म्हणाला. “फोनच सांगेल. खिशात ठेवा. हालचाल चालू असली की तुमच्या नावापुढं हिरवा ठिपका. पाच मिनिटं थांबलात की पिवळा. दहा मिनिटं झाली की करडा. करडा म्हणजे रिकामा.”

मशीनवर कापूस सोडणारा लखन मागून म्हणाला, “साहेब, तुमच्या फोनवर बी ठिपका हाय का?”

“माझं काम डोक्याचं आहे.”

“मंग फोन टोपीत ठिवा की.”

सगळे हसले. बिभीषणही हसला. पहिल्या सोमवारी त्याचं हसू गेलं.

दर सोमवारी ऑफिसच्या ओसरीतल्या पडद्यावर आठवड्याचा गोषवारा लागू लागला. ऑफिसात सत्यशीला नावाची चकलांब्याची मुलगी काम करायची. बी.कॉम. झालेली, डोकं शांत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती वाचून दाखवायची. बिभीषणच्या नावापुढे करडा ठिपका होता आणि खाली दोन ओळी.

सत्यशीलाने हळू आवाजात वाचलं, “बिभीषण यांनी या आठवड्यात दररोज सरासरी तीन तास चाळीस मिनिटे काम केले. त्यांना प्रोत्साहनाची आवश्यकता आहे.”

“ह्ये कोन लिव्हलं?”

“कुणीच नाही काका. नव्या आवृत्तीत ते आपोआप लिहिलं जातं.”

“म्या बारा तास हितं हाय. त्याला कावून दिसंना?”

“त्याला पावलं कळतात. तुम्ही उभं राहून ऐकता ते कळत नाही. पाच मिनिटांत पंधरा पावलं पडली नाहीत तर माणूस थांबला असं धरतं.”

बिभीषणने मनात हिशोब केला. एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला त्याला चार पावलं लागत. सहा मिनिटांत चार पावलं.

आठ दिवसांनी रामप्रसादने दुसरी गोष्ट सांगितली. संक्रांतीनंतर कापूस कमी येतो, माणसं कमी होतात. यंदा कुणाला ठेवायचं ते तोंड बघून ठरणार नाही. सहा तासांच्या खाली जो असेल तो घरी.

मग बिभीषण चालायला लागला.

पेचकस टेकवायचा, अर्धं मिनिट ऐकायचं, वाटेच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुढच्या मशीनवर टेकवायचा. पहिल्या दिवशी फोनने एकोणीस हजार पावलं दाखवली. दुसऱ्या दिवशी एकवीस. ठिपका हिरवा झाला. तिसऱ्या संध्याकाळी सायकलचं पायडल खाली जाईना. घरी छबुबाईने एरंडाचं पान तव्यावर शेकून नवऱ्याच्या गुडघ्यावर बांधलं.

“येवढं कुटं हिंडून आलात?” तिने विचारलं.

“कुटंच न्हाई. जिनिंगातच.”

“मंग आजवर काय बसून व्हता व्हय?”

त्याने पान दाबून धरलं.

पाचव्या दिवशी चौदा नंबरच्या मशीनचं बेरिंग गेलं. तो तेव्हा दुसऱ्या टोकाला होता, चालत. वास आला म्हणून पळाला, तोवर रोलर जाम झाला होता आणि पट्टा जळून धूर निघत होता. आग लागली नाही, एवढंच. अख्खी रांग बंद ठेवून तीन माणसांनी बेरिंग बदललं. दोन तास दहा मिनिटं. एकतीस हंगामांत त्याच्या पाळीत बेरिंग जाम होण्याची ही पहिली वेळ. तो रामप्रसादपुढे जाऊन उभा राहिला. शिव्या खायची तयारी होती.

रामप्रसाद पडद्याकडे बघत म्हणाला, “बेरिंग आज ना उद्या जातंच, मिस्त्री. पण तुमचा आकडा बघा. आठ तास वीस मिनिटं. असं पाहिजे.”

बिभीषण बाहेर येऊन पाण्याच्या टाकीजवळ बसला. लखनने तंबाखू मळून पुढे केली.

“काका, नऊ नंबरचा पाया ढिला हाय. लई थरथरतंय. फोन त्याला बांधा आन तुमी निवांत ऐका.”

“खोटं हाय बे ते.”

“आन तुमी चार दिस चालत हुता ते खरं हुतं का?”

बिभीषणने तंबाखू तोंडात टाकली. गुडघे ठणकत होते. लखनने जुन्या सदऱ्याची बाही कापून पिशवी शिवून आणली. दुसऱ्या दिवसापासून भोंगा झाला की फोन पिशवीत, पिशवी सुतळीने नऊ नंबरच्या चौकटीला. बिभीषण मोकळा झाला. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा चार पावलं. एकविसावर वाळू चावल्यासारखं ऐकू आलं, ते त्याने वेळेत थांबवलं. संक्रांत गेली. सात माणसं कमी झाली. बिभीषण राहिला. पण गेलेल्या सातांत एक वजनकाट्यावरचा माणूस होता. त्यालाही उभं राहूनच काम करावं लागे, आणि त्याच्याजवळ थरथरणारं काही नव्हतं. ते बिभीषणच्या डोक्यातून जाईना.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि मधोमध बिभीषणचा फोटो आला. नव्या आवृत्तीत हेही होतं. महिन्याचा सर्वांत मेहनती कामगार अॅप स्वतःच निवडायचं आणि सगळ्यांना कळवायचं. संभाजीनगरला राहणाऱ्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, फोनवरही ते गेलं. त्यांनी लगेच रामप्रसादला सांगितलं की सव्वीस तारखेला झेंड्याला येतो, माणसाचा सत्कार करू.

दुपारी सत्यशीला टाकीजवळ आली.

“काका, एका पाळीत पंचेचाळीस किलोमीटर चाललात तुम्ही. उमापूरहून निघाला असतात तर बीड जवळ आलं असतं.”

बिभीषणने करंगळीचं ग्रीस सदऱ्याला पुसलं.

“मी कुणाला बोलले नाही,” ती म्हणाली. “पण यादीत दोन नंबरला कोण आहे ते बघितलंत का?”

दोन नंबरला चतुराबाई होती. सरकी ढिगाकडे ढकलत नेणारा लांब फिरता स्क्रू अर्ध्या वाटेपर्यंतच चालायचा. उरलेली सरकी चतुराबाई पाटीने ढिगावर नेऊन टाकायची. वीस किलोची पाटी. बिभीषणने एकदा खेपा मोजल्या होत्या. पाळीत नव्वद. म्हणजे अठराशे किलो, एका बाईच्या डोक्यावरून, रोज. वय पन्नाशीच्या पुढे. तिच्या फोनने पावलं बरोबर मोजली होती. डोक्यावरचं ओझं त्याला कळत नव्हतं, पण पावलं तरी खरी होती. आणि तिच्या वर बिभीषणचं नाव होतं. खरं म्हणजे एका ढिल्या पायाच्या मशीनचं.

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागलं नाही. बोललं तर नोकरी जाईल. गेली तर ह्या वयात मिस्त्रीला नवी जिनिंग कोण देणार. न बोललं तर शाल अंगावर येईल, आणि चतुराबाई समोर उभी राहून टाळ्या वाजवेल.

सव्वीस तारखेला झेंडा वर गेला. शेठजी खुर्चीवर, शेजारी रामप्रसाद, टेबलावर शाल, नारळ आणि हार. बिभीषणचं नाव पुकारलं. तो धुतलेला सदरा घालून आला होता. शेठजींनी शाल उलगडली तेव्हा त्याने हात जोडले, पण मान वाकवली नाही.

“मालक, ही शाल माझी न्हाई. म्या येवढा चाललो न्हाई. फोन नऊ नंबरच्या मशिनीला बांधला हुता. शाल द्यायचीच तर चतुराबाईला द्या. तिची पावलं खरी हायेत.”

रामप्रसादचा चेहरा लाल झाला. शेठजी मॅनेजरकडे बघत म्हणाले, “म्हणजे काम केलंच नाही का याने?”

“केलं की,” बिभीषण म्हणाला. “रोज चार फेऱ्या. ऐकायचं काम हाय माझं. हललो की ऐकू येत न्हाई. हललो त्या आठवड्यात चौदा नंबर जाम झालं.”

“चतुराबाई कोण?” शेठजींनी विचारलं.

बायकांनी तिला पुढे ढकललं. तिने शालीकडे एकदा पाहिलं.

“मला शाल नगं मालक. ती पाटी तेवढी लहान करा.”

लखनला हसू आवरलं नाही. शेठजींनाही थोडं हसू आलं. शाल मात्र त्यांनी चतुराबाईच्या खांद्यावर टाकली, कारण उलगडलेली परत घडी घालायची कशी. पाटी लहान झाली नाही.

रामप्रसादने बिभीषणला दुपारी आत बोलावलं. ह्या प्रकाराला फसवणूक म्हणतात, हे त्याने दोनदा सांगितलं. पण हंगामाच्या मध्यात दुसरा मिस्त्री मिळत नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. तेव्हा सत्यशीला म्हणाली, “साहेब, आपल्याला कामाची नवी चिठ्ठी बनवता येते. ‘ऐकणे’ अशी बनवू. मिस्त्रींनी मशीनवर गेलं की बोट लावायचं. मग ते उभे असले तरी ठिपका हिरवा राहील.”

“आणि लावून झोपा काढल्या तर?”

“दर मशीनला वेगळी चिठ्ठी ठेवू.”

असं ठरलं. चोवीस मशिनी, चार फेऱ्या, शहाण्णव चिठ्ठ्या. शहाण्णव वेळा करंगळी पुसायची आणि लावायची. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट धरलं तर दिवसाची अठ्ठेचाळीस मिनिटं गेली. ती त्याने जेवणाच्या सुट्टीतून आणि भोंग्यानंतर थांबून भरून काढली. ऐकण्यातून एक मिनिट कमी केलं नाही. वजनकाट्यावरच्या माणसाला परत बोलवा, असंही त्याने त्या दिवशी म्हणून पाहिलं. रामप्रसाद म्हणाला, तुमचं तुम्ही बघा.

मार्चअखेर कापूस संपला. शेवटच्या सोमवारी गोषवाऱ्यात आलं: बिभीषण यांनी दररोज सरासरी अकरा तास काम केले, सातत्य राखावे. त्याच दिवशी ऑफिसने फोन चार्जरसकट परत घेतले. अॅपची आणखी नवी आवृत्ती येणार होती. ती ह्या जुन्या फोनवर चालणार नव्हती. पुढच्या हंगामाला ज्याने त्याने आपला फोन आणायचा होता, आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याचं नाव यादीत चढणार नव्हतं.

बिभीषणने मार्चचा पगार घेतला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने गेवराईला गेला. गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढायचा म्हणून छबुबाईने त्याला पाठवलं होतं. डॉक्टरच्या दारात रांग होती. तो रांगेत अर्धा तास उभा राहिला, मग बाहेर पडून समोरच्या दुकानात गेला. कोणतं अॅप चालायला हवं ते सत्यशीलाने कागदावर लिहून दिलं होतं. दुकानदाराने कागद वाचून एक फोन काढला. बारा हजार. पगारातून एसटीचं भाडं आणि थोडी मोड उरली.

घरी छबुबाईने डबी उघडून फोन उलटासुलटा करून पाहिला.

“गुडघ्याचं काय सांगितलं?”

“पुढच्या साली बघू म्हनलं.”

“कोन म्हनलं? डाक्टर?”

“म्या,” बिभीषण म्हणाला, आणि चार्जर कुठे लावायचा ते बघायला भिंतीकडे गेला.