बेसला बघायला एक्समूरला

कुत्रं पाळायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याला, संदीपला, पिल्लूच हवं होतं. मी म्हटलं, अरे, दोघंही ऑफिसात, ते सोफा खाऊन टाकेल. शोधता शोधता बेस सापडली. नऊ वर्षांची काळी लॅब्रॅडॉर, जन्मभर शिकारीत राबलेली. तिच्या मालकीणबाई मार्गारेट, सत्तरीच्या, कॉव्हेंट्रीला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला चालल्या होत्या आणि तिथे कुत्र्यांना बंदी. अट एकच: आधी तिचं काम बघा, मग मी ठरवते. म्हणजे मुलगी बघायला जायचं आम्ही आणि पसंती त्यांची!

ब्रिस्टलहून टॉन्टनपर्यंत मोटरवे सरळसोट आहे. पुढे मार्गारेट राहतात त्या एक्समूरच्या माळरानातले रस्ते इतके अरुंद की ट्रॅक्टर समोर आला आणि संदीपने घाम पुसत लांबवर रिव्हर्स घेतला. जाणार असाल तर छोटी गाडी न्या, चिखलासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट विसरू नका. पबच्या वरची खोली स्वस्त आणि स्वच्छ मिळाली. मी पक्की शाकाहारी, त्यामुळे माझं चिप्सवर भागलं.

शनिवारी सकाळी माळावर पोचलो. शिकारीच्या सीझनचा शेवटचा शनिवार होता. स्पॅनियल कुत्री झुडपात घुसून फेजंट, म्हणजे लांब शेपटीचे रानकोंबडे, उडवतात, बंदुकवाले टिपतात आणि पडलेला पक्षी लॅब्रॅडॉर आणतात. कोल्ह्यामागे धावणाऱ्या हाउंड्सचा प्रकार वेगळा, तो कायद्याने बंद झालाय. जखमी पक्षी कुठेतरी तडफडत राहू नये यासाठीच बेस, असं मार्गारेटनी सांगितलं. ते मला पटलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे एक फेजंट पडला. बाईंनी मला खूण केली, तू पाठव. मी बेसचं नाव घेतलं मात्र, ती पाण्यातून पलीकडे गेली, पक्षी तोंडात धरून परत आली आणि थेट माझ्यासमोर बसली. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. अंड्याच्या केकलाही नाक मुरडणारी बाई मी! बेस थंडीने कुडकुडत माझ्याकडे बघत राहिली. आता ही कसली मिळतेय आपल्याला, असं वाटलं.

"तू हात पुढे केल्याशिवाय ती सोडणार नाही," मार्गारेट म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत बसेल तशीच."

मी डोळे मिटून हात पुढे केले. पक्षी अजून गरम होता. मला रडू आलं, पण हात मागे घेतले नाहीत. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

निघताना रिवाजाप्रमाणे फेजंटची जोडी भेट मिळाली. ती आम्ही पबवाल्याला दिली, तो भलताच खूश झाला. बेस मागच्या सीटवर घोरत ब्रिस्टलला आली.

घरात ती मजेत रुळली. पुढच्या शनिवारी मात्र उजाडायच्या आत दाराशी जाऊन बसली, काही केल्या हलेना. सीझन संपलाय हे तिला कोण सांगणार? न राहवून मी एव्हाना लेकीकडे कॉव्हेंट्रीला पोचलेल्या मार्गारेटना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"दाराशी बसलीय ना?" त्या म्हणाल्या. "मीही बूट घालून बसलेय."

आम्ही तिघं तासाभरात कॉव्हेंट्रीच्या वाटेला लागलो.