परब मास्तरांची सनद

आमटीत कोकम घालायचं की चिंच, यावरही परब मास्तर हात वर करायला लावत. कुवेतच्या मीना अब्दुल्ला भागात, कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या खोलीत आम्ही आठ जण, सगळे कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. मी वामन, इलेक्ट्रिशियन. मास्तर स्टोअरकीपर. गावाकडच्या विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं जवळजवळ बिनपगारी इतिहास शिकवून शेवटी ते कुवेतला आले होते. इतिहासही सामानाबरोबर आला होता.

त्यांची आवडती गोष्ट कनेक्टिकटची. अमेरिकेतली ही वसाहत इंग्लंडच्या राजाची; पण त्यानेच लोकांना सनद दिली होती, की आपला गव्हर्नर निवडा, आपले कायदे करा. पुढच्या राजाला ते खुपलं. त्याचा माणूस सनद परत घ्यायला आला. सनद टेबलावर, भोवती मेणबत्त्या. अचानक मेणबत्त्या विझल्या. पुन्हा लावल्या तर सनद गायब! ओकच्या झाडाच्या ढोलीत लपवली होती म्हणतात. मास्तर हे असं सांगत, जणू फुंकर त्यांनीच मारली होती.

“पण राजाच्या माणसानं कारभार घेतलाच की,” मी एकदा म्हटलं.

“घेतल्यान. राजा गेल्यार लोकांनी आपलो कारभार परत सुरू केल्यानी. कागद घेवन जातले रे, पण सवय कशी घेवन जातले?”

तशीच सनद त्यांनी आमच्या खोलीची लिहिली, वहीच्या पानावर. मेसचा प्रमुख दर महिन्याला बदलेल. आणि सगळ्यांनी हात वर करून ठरवल्याशिवाय कोणालाही खोलीबाहेर काढता येणार नाही. खाली आठ सह्या. ओक नव्हता, म्हणून ती खिडकीतल्या एसीच्या प्लायवूडमागे असायची.

कंपनीने खोल्यांतल्या मेस बंद करून ठेकेदाराचं जेवण सक्तीचं करायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्ध आठांच्या वतीने अर्ज मास्तरांनी लिहिला. पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर कॅम्प बॉस आला. उभ्याउभ्याच म्हणाला, “तुम्हारे यहाँ हाथ उठाने का कानून है ना? मास्टर को रखना है तो उठाओ. जिसका हाथ उठेगा, उसका भी टिकट कटेगा.”

माझा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच महिन्यात संपत होता. गावी बायकोला सातवा महिना. माझा हात मांडीवरून वीतभर उठला आणि परत खाली आला. बाकी कोणाचा तेवढाही हलला नाही.

बॉस गेल्यावर मास्तरांनी सनद काढली. त्या महिन्यात मेसचा प्रमुख मी होतो.

“ठराव झालो. लिव, वामना.”

“मास्तर, नको.”

“लिव. माझ्या विरुद्ध गेलो म्हणान ठराव खोटो होणा नाय.”

मी मागच्या बाजूला लिहिलं, ‘मास्तरांना ठेवण्याच्या बाजूने कोणी नाही.’ त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं. सही करत असतील असं मला वाटलं. मग कागद त्यांनी स्वतःच जागेवर ठेवला. चार दिवसांनी ते कायमचे गावी गेले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण मला वर बघवलं नाही.

दोन वर्षांनी ते वारल्याचं गावाहून कळलं. माफीचं पत्र मी लिहू लिहू म्हणत राहिलो होतो. त्या प्लायवूडला हात लावायचाही धीर झाला नव्हता.

पुढे कॅम्प पाडायला काढला आणि एसी उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. कागद तिथेच होता. माझ्या ओळीवर एक सरळ रेघ मारलेली. खाली मास्तरांचं फळ्यावरचं सुवाच्य अक्षर: ‘बाजूने एक. वामन.’

मी तिथेच खाली बसून रडलो. हात वर केलाच नव्हता मी, मास्तर.